बिनदेवाचा ओटा

डोमाजी मिस्त्री कोरड्या रानातून धोतर गुडघ्यापर्यंत उचलून चालत. सगळीकडे नाही. भिलाईच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, तिथून नाल्याच्या अंगाला एक मोकळं रान होतं. त्याच्या कडेला आले की ते धोतर वर घेत आणि ऐन मे महिन्यात, भेगाळलेल्या जमिनीवर, पाण्यात टाकावीत तशी जपून पावलं टाकत. आम्ही हसायचो. एकदा मी कारण विचारलं, तर त्यांनी नुसतं वर बोट केलं. बाभळीच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळकं गवत आणि चिखल अडकून बसला होता.

"एवढ्या वर गवत कोनं नेऊन ठेवलं, बाबू?" ते म्हणाले.

ते भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठी वाढलेले. मी नागपूरचा, एका ठेकेदाराच्या कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. मजुरांच्या वस्तीसाठी जागांचा नकाशा झाला, त्यावरची नावं मी लिहिली होती. तिथल्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं त्या रानाचं नाव 'डोंगाखार' सांगितलं. माझ्या शहरी कानाला ते चुकीचं वाटलं, म्हणून मी सुधारून 'डोंगरखार' लिहिलं. ठेकेदारानं नाव वाचलं, जागा उंच असणार असं धरलं आणि झोपड्यांसाठी तीच ठरवली.

"डोंगर नाही बाबू, डोंगा," डोमाजींनी मला गाठून सांगितलं. "पूर आला का इथं होडी चालते. मालकाले सांगा."

मी सांगितलं नाही. शेवटी ते स्वतःच गेले. ठेकेदारानं नकाशा पुढं ओढला आणि मला विचारलं, नाव बरोबर आहे ना? नोकरीला महिनाही झाला नव्हता. मी मान हलवली. डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. चूक माझी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते एवढंच म्हणाले, "मंग वस्तीत देवाचा एक ओटा तरी बांधू द्या."

देवाला कोण नाही म्हणतो? ओटा झाला. बाभळीतल्या त्या गवताइतका उंच, पायऱ्यांचा, दगड-चुन्याचा, दीडशे माणसं मावतील एवढा. फक्त देव बसवला नाही. बायकांनी विचारलं तर डोमाजी म्हणायचे, "जागा रिकामी पायजे. लागन." दर शनिवारी दुपारी ते रुळाचा तुकडा बडवत. नियम त्यांचेच: रिकाम्या हातानं यायचं नाही, लेकरं आणि पीठ घेऊन यायचं, आणि ओट्यावर चढूनच हात जोडायचे. समोर काही नसताना टाळ्या वाजवत आरती म्हणणारी ती माणसं पाहून मला कसंतरीच व्हायचं.

श्रावणात चार दिवस पाऊस उघडला होता. लख्ख ऊन. मी हजेरी घ्यायला वस्तीत गेलो होतो. कुत्री एकाएकी गप्प झाली. मग गवताच्या बुडातून, जराही आवाज न करता, पाणी वर येऊ लागलं. पाऊस कुठंतरी लांब, तो नाला जिला मिळतो त्या नदीच्या वरच्या अंगाला पडला होता. शनिवार नव्हता, तरी डोमाजींनी रूळ बडवला. 'कावून', कशासाठी, असं कुणीही विचारलं नाही. लेकरं, पीठ घेऊन सगळे ओट्यावर चढले, मीही चढलो. झोपड्या एकेक करून बसल्या. सवयीनं कुणीतरी आरती सुरू केली आणि सगळ्यांनी ती म्हटली. डोमाजी डोकी मोजत होते. एकही कमी नव्हतं.

पुढे नकाशावरचं नाव कुणीतरी गुपचूप बदललं. तो कुणीतरी मीच. चूक कुणाची, हे कधीच निघालं नाही. माझी बढतीही झाली.

बऱ्याच वर्षांनी डोमाजी अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो. त्यांचा हात धरून म्हटलं, "मिस्त्रीजी, तुम्ही माझं नाव कुणालाच सांगितलं नाही. तुमचे उपकार आहेत."

त्यांनी डोळे उघडले. "उपकार कायचे, बाबू? तुमी सांगान म्हनून मी वाट पाहून राहिलो होतो."

आठवड्याभरात ते गेले. मी आज सांगतो आहे.