पेटीचं कुलूप
नारळाच्या ओल्या भुशाचा वास आला की मला नातीच्या अजगराची ती गोष्ट आठवते. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी तो नवीनच आला होता. काचेच्या पेटीत भुशावर पडून असायचा, डोळे दुधाळ झालेले. "आजोबा, कात टाकतोय. इसको छेड़ना मत," असं बजावून नात कॉलेजला गेली. शाळा शिकलो नाही म्हणून काय, साप मला कळतात, असं म्हणत मी त्याच्या डोक्यावरची सैल वाटणारी कात ओढली, तर खालची कोवळी कातडीही सोलून आली. संध्याकाळी ती रडत औषध लावत होती, आणि मी उलट म्हणालो, "इतका नाजूक होता तर आणलास कशाला?"  सकाळी पेटीला कुलूप होतं. दिवसभर घरात मी एकटाच असतो. ते कुलूप काढ म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.