दाजींनी काढलेलं इंजिन

या जगात जे जे म्हणून नट-बोल्टांनी आवळलेलं आहे, ते ते आमच्या दाजींनी एकदा तरी खोललेलं आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर जिंतूर तालुक्यात, धरणाच्या फुगवट्याकाठच्या आपल्या गावी येऊन राहिले आणि डेपोतली सगळी हौस घरावर भागवू लागले. अक्काची शिलाई मशीन, छताचा पंखा, भजनी मंडळाची पेटी, सगळ्यांचे अवयव त्यांच्या ओसरीवर वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले असायचे. एकदा मी सहज म्हणालो की चष्म्याची काडी जरा सैल झालीय. चहा येईपर्यंत चष्म्याचे चार तुकडे झाले होते आणि दाजी मला धूसर दिसत होते. परत बसवायचा विषय काढला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "खोलनं एकट्याचं काम हाय मास्तर, बसवनं दोघांचं." मी बोरीला शाळेत मास्तर, म्हणून त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. हे वाक्य म्हणजे आळसावर घातलेलं पांघरूण आहे, असं मला तेव्हा खुशाल वाटायचं.

अक्काची लेक फुगवट्याच्या पलीकडच्या गावात दिलेली. अंगणातून तिचं गाव दिसायचं, पण रस्त्याने जायचं तर दोन एसट्या बदलून अर्धा दिवस वळसा. अक्काचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, आणि लेकीकडे जाणंच बंद पडलं. ती काही बोलायची नाही, नुसती संध्याकाळी पाण्याकडे तोंड करून तांदूळ निवडत बसायची. दाजींनी ते पाहिलं आणि मच्छीमारांनी टाकून दिलेली एक जुनी मोटारबोट कुठूनशी पैदा केली. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून, अक्काला गुडघे पसरता येतील अशा बेताने ती बोटीत बोल्टांनी पक्की बसवली. त्यांनी पूर्ण बसवलेली मी पाहिलेली ही एकच वस्तू. पहिल्याच फेरीला निम्म्या पाण्यात इंजिनाने काळा धूर ओकला आणि मान टाकली. दोघांना एका होडीवाल्याने ओढत काठाला आणलं.

"इंजन भाईर काढल्याबिगर दुखणं कळायचं न्हाई," असं जाहीर करून दाजींनी बोट ट्रॅक्टरने अंगणात आणली, कडुलिंबाच्या जाड फांदीला साखळीची पुली टांगली, आणि मला नुसतं बघायला बोलावलं. चार दिवस खपून त्यांनी नळ्या सोडल्या, वायरी सोडल्या, बोटीच्या मागच्या, पाण्यातल्या पंख्याचा दांडा इंजिनापासून सोडवला, प्रत्येक बोल्टला नंबर देऊन तो वेगळ्या डबीत ठेवला. मग बोटीतच उभं राहून साखळी ओढू लागले. साखळी खडखडत होती, फांदी करकरत होती, दाजींचा चेहरा नुसता फुलला होता. "यायलाय बघा मास्तर, इंजन वर यायलाय!" इंजिनाच्या बुडाशी ग्रीसमध्ये लपलेला एक बोल्ट तसाच राहिला होता. अक्का दारातून ओरडली, "अवो, इंजन कुठलं! तुमीच वर जायलाव!" दाजींनी खाली पाहिलं. बोट, खुर्ची, इंजिन आणि स्वतः दाजी, असा सगळा संसार जमिनीपासून दोन हात वर लोंबकळत होता. मग वर फांदीकडे बघून ते गंभीरपणे म्हणाले, "फांदी मजबूत हाय."

इंजिन शेवटी निघालं, त्याचं दुखणं सापडलं, दुरुस्तही झालं. राहिलं फक्त बसवायचं. एकाने साखळी केसाकेसाने सोडायची आणि दुसऱ्याने बोटीत आडवं पडून, इंजिन आणि दांडा यांच्यामध्ये दाढीचं पातंसुद्धा शिरणार नाही इतकं ते जुळवून घ्यायचं. गावातल्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. "ते हिसका देतेत. तुमचा हात भिता हाय मास्तर, मला त्योच पायजे. रविवारी या." मी येतो म्हणायचो. मग परीक्षा निघायच्या, मतदार याद्या निघायच्या, कुणाची तरी सोयरीक निघायची. बोरीहून तासाभराचा रस्ता मला वर्षभर सापडला नाही.

आणि त्याच वर्षभरात तो लोंबकळत्या बोटीचा किस्सा मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. ताडकळसला एका लग्नात तर खुर्चीवर चढून, हवेतली साखळी ओढत, दाजींची हुबेहूब नक्कल केली. लोक पोट धरून हसत होते. वळून पाहिलं तर दाजी मागेच उभे, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते. मी त्या हसण्याला फसलो. त्यानंतर त्यांनी मला कधी रविवारी या म्हटलं नाही, आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या पोळ्याच्या आधी छातीत कळ येऊन दाजी गेले. दिवस झाल्यावर अक्काने मला अंगणात नेलं. बोट लिंबाखाली तशीच, खुर्चीवर पाला पडलेला. ओसरीत लाकडी ठोकळ्यांवर इंजिन, त्यावर धुतलेलं पोतं, शेजारी नंबर घातलेल्या डब्या. अक्काने माझ्या हातात एक वही दिली. "रोज काढून बघायचे. मला वाचता येत न्हाई, तूच बघ." वहीत इंजिन बसवायची सगळी कृती ओळीने लिहिली होती, कुठली डबी कधी उघडायची, कुठला बोल्ट किती आवळायचा. मध्ये चार ठिकाणी समासात चौकोन काढून दोनच शब्द लिहिले होते, "इथं मास्तर." शेवटच्या पानावर तारखा होत्या, सगळ्या रविवारच्या. ताडकळसच्या लग्नानंतरच्याही.

"काय लिवलंय रे?" अक्काने विचारलं.

"इंजिन कसं बसवायचं ते."

"मंग बसव की," ती पाण्याकडे बघत म्हणाली. "समदं लिवलंय नव्हं त्येनी?"

"दोघं लागतात अक्का," मी म्हणालो.