हात झटकला की गाडी थांबायची

आमच्या ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा कळंबमधल्या एकूणएक माणसाने औषध सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथींचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मात्र सगळे गप्प. गळ्यात तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, डायलिसिसवरच्या माणसात त्या माजतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढतात, हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? मुंबईच्या डॉक्टरांनी माजलेल्या ग्रंथी काढल्या.

घरी आल्यावर ह्यांच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. अशा ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरतं, म्हणून येतात, असं सगळे म्हणाले. हे गोळ्यांवर गोळ्या खात राहिले. मुंग्या हटेनात, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात नस दबलीय, किडनीच्या पेशंटना हा धोका असतोच. छोटं ऑपरेशन करून ती मोकळी करा, नाहीतर अंगठ्यातला जोर कायमचा जाईल.

"गळा कापला तर हात गेला," हे मला म्हणाले. "आता हात कापला तर काय जाईल कुणास ठाऊक!"

झालं, हट्टाला पेटले. शर्टाची बटणं मी लावायची आणि ह्यांनी आढ्याकडे बघत उभं राहायचं, जणू शर्ट शेजाऱ्याचा आहे. मला राग यायचा आणि त्याहून जास्त भीती वाटायची.

हात झटकला की ह्यांना जरा बरं वाटायचं. आमची ओटी रस्त्याला लागून, आणि कर्जतला जाणारी बस हात दिसला की कुठेही थांबायची. हे ओटीवर बसून हात झटकायचे, बस थांबायची. हे मान हलवून "नाही, नाही" म्हणायचे, ड्रायव्हर चरफडत निघून जायचा. एकदा टेंपोवालाही थांबला आणि भाडं विचारू लागला.

एके दिवशी ड्रायव्हरने बस थांबवून इंजिनच बंद केलं.

"काका, रोज थांबवताव नि चढत नाय. आज तुमाला घेतल्याबिगर गाडी हलायची नाय."

"अहो, माझा हात दुखतोय, म्हणून झटकतो."

"मंग डाक्टरकडं जायाला नको? बसा!"

ह्यांची डॉक्टरशी, माझ्याशी, सगळ्यांशी भांडायची तयारी होती. भरल्या बसशी नव्हती. गंजीफ्रॉक आणि पायजम्यातच चढले. मी घराला कडी घातली आणि शर्ट घेऊन मागून धावले.

बस सुटली. मी ह्यांना शर्ट चढवला आणि सवयीने बटणं लावू लागले. इथे आढं नव्हतं, त्यामुळे ह्यांनी टपाकडे बघितलं. समोर मिरच्यांची पाटी घेऊन बसलेली म्हातारी टक लावून बघत होती.

"नवं लगीन हाय काय गं?" तिने मोठ्याने विचारलं.

अख्खी बस खिदळली. ड्रायव्हरसुद्धा. ह्यांचे कान लालबुंद झाले. चार दिवसांचे दाढीचे खुंट, गळ्यावर ऑपरेशनचा व्रण आणि म्हणे नवरदेव! मला हसू आवरेना.

"करू ऑपरेशन," हे दातओठ खात पुटपुटले. "पण ही शेवटची वरात."

ऑपरेशन झालं. किडन्या काही परत आल्या नाहीत, डायलिसिससाठी मुंबईच्या फेऱ्याही सुटल्या नाहीत. बोटांचंही लगेच काही कळेना. आठवडे गेले तशी मी आतून खचत चालले होते, पण तोंडाने वटवट चालूच ठेवली होती.

एका सकाळी मी भांडी घासून उठले, तर ह्यांनी उजव्या हाताने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"अहो! दुखतंय ना!"

चिमटा सुटला, पण बोटं तिथेच राहिली. मग मनगटापर्यंत हळूहळू उतरली.

"अगं," हे म्हणाले, "तुझा हात केवढा गार आहे!"