बदलापूरला पाठवलेली बिस्किटं

ज्या सकाळी आम्ही अंबरनाथ पश्चिमेचं घर सोडलं, त्या सकाळी मी चौतीस वर्षं लपवलेली एक गोष्ट पुन्हा एकदा लपवली. सामानाचा टेम्पो आदल्या दिवशीच बंगळुरूच्या वाटेला लागला होता. भिंतीवरची बुद्धांची तसबीर मी सर्वांत शेवटी उतरवली, चादरीत गुंडाळली, आणि तिच्यामागे उरलेला भिंतीचा उजळ चौकोन पाहत उभा राहिलो. माझी धाकटी बहीण नंदा उल्हासनगरहून, कॅम्प एकमधून, निरोप द्यायला आली होती. तिने माझ्या पिशवीत ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे सरकवले.

"दादा, हे तुझ्यासाठी नाहीत हं. तिथं पहिला कुत्रा भेटेल त्याला दे. बटाट्याच्या नावानं."

मी मान डोलावली. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

बटाट्या आमचा कुत्रा. रंगानं आणि आकारानंही तसाच होता, म्हणून नंदानं त्याचं ते नाव ठेवलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, मी एकोणीसचा. एका सकाळी दुधाच्या गाडीनं त्याला धडक दिली आणि त्याचे मागचे दोन्ही पाय गेले. तो पुढच्या पायांवर स्वतःला ओढत दारापर्यंत आला आणि शेपूट हलेना म्हणून नुसती मान हलवू लागला. वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, पहिल्या पाळीला निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "उल्हासनगरच्या डॉक्टरांकडे ने त्याला. काय म्हणतात ते नीट ऐकून ये."

मी त्याला पोत्यात बसवलं, पोतं सायकलच्या कॅरियरला बांधलं. नाक्यावरच्या टपरीवर कॉलेजचे मित्र उभे होते. एकानं ओरडून विचारलं, "काय रे, भाजी विकायला निघालास काय?" सगळे हसले. त्याच वेळी बटाट्यानं पोत्यात घाण केली आणि ती माझ्या पँटवरून ओघळली. मी उल्हासनगरचा रस्ता सोडला, रेल्वेचं फाटक ओलांडून पूर्वेला गेलो आणि शिवमंदिराजवळ, ओढ्याच्या काठी, त्याला पोत्यासकट ठेवून परत फिरलो. येणारे-जाणारे काहीतरी खायला टाकतील, असं मनाला समजावलं. डॉक्टर मरणाची सुईच देतील, ते आपल्याला पाहवणार नाही, असंही समजावलं. खरं एवढंच होतं की मला लाज वाटली होती, आणि आमच्या ओळखीचं तिकडं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. पोतं होतं, बटाट्या नव्हता. मी कोणालाही विचारलं नाही, कारण मग त्यांनीही विचारलं असतं की कुत्रा कोणाचा.

संध्याकाळी आप्पांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" नंदा त्यांच्या मागे उभी होती. मी म्हणालो, डॉक्टरांनी त्याला बदलापूरला पाठवलं. तिथं एक शेतकरी असे कुत्रे सांभाळतो. बदलापूर तोंडून निघालं, कारण दर रविवारी सकाळी मी तिथं एका सरांकडे शिकवणीला जात असे. पुढच्या रविवारी नंदानं माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि परत आल्यावर बातमी मागितली.

वर्षभर मी तिला बातम्या आणल्या. शेतात मोठा हौद आहे. बटाट्याला रोज त्यात सोडतात. पाण्यात अंगाचं वजन लागत नाही, मग पाय आपोआप हलायला लागतात. आज उजवा हलला. आज तो चार पावलं चालला. तिनं बरोबर यायचा हट्ट धरला, तेव्हा म्हणालो, "तुला बघून उड्या मारेल, पाठ पुन्हा मोडेल." त्यानंतर तिनं हट्ट केला नाही. तिच्या वाढदिवसाची क्रीमची बिस्किटंसुद्धा तिनं माझ्याकडे दिली. शेवटी मी सांगितलं की बटाट्या आता त्या शेताची राखण करतो, तिथलाच झाला. ती रडली, पण आनंदानं.

त्याच रविवारांच्या संध्याकाळी आम्ही दोघं विहारात शेजारी बसून पंचशील म्हणत असू. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं आलो की माझा आवाज बंद होई. मी नुसते ओठ हलवत असे.

पुढं सगळं रीतसर झालं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं काढली. स्वेच्छानिवृत्ती घेतली, मुलगी बंगळुरूला नोकरी करते म्हणून मी आणि बायको तिच्याकडे आलो. तिथं रिकामा बसलो असताना घराजवळच्या एका केंद्राची पाटी दिसली. पाय गेलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना मालीश आणि पाण्यातला व्यायाम देऊन पुन्हा चालतं करायचं, हे काम तिथं शिकवत होते. मी नाव घातलं. बायको म्हणाली, "तीस वर्षांत माझे पाय कधी दाबले नाहीत. आता कुत्र्यांचे दाबायला फी भरून शिकणार!" ती बरोबरच बोलली. मला हसायला आलं आणि वाईटही वाटलं. त्या रात्रीपासून तिचेही दाबतो.

वर्गात मी सर्वांत मोठा. आमच्या शिक्षिका माझ्या मुलीहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. स्नायूंची नावं मला रात्री पाठ होत आणि सकाळी पुसली जात. पण हात स्थिर होता, प्रयोगशाळेनं तेवढं दिलं होतं. एके दिवशी त्यांनी काचेची टाकी दाखवली. तळाशी चालता पट्टा, वर कोमट पाणी. कुत्र्याच्या मांडीपर्यंत पाणी भरत त्या म्हणाल्या, "पानी वजन उठा लेता है. फिर पैर को याद आता है कि चलना कैसे होता है."

माझी वही तिथंच थांबली. एकोणिसाव्या वर्षी, नंदाच्या प्रश्नांतून सुटण्यासाठी मी जे रचलं होतं, ते खरं होतं. बटाट्याच्या बाबतीत ते खरं ठरलं असतं की नाही, हे मला माहीत नाही. एवढं मात्र कळलं की डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायला मी गेलोच नव्हतो.

मालीशचा पहिला नियम त्यांनी मला रागावून शिकवला. एका म्हाताऱ्या लॅब्राडॉर कुत्रीची मालीश करताना मी टॉवेल घ्यायला दोन्ही हात उचलले. ती दचकली, उठायला गेली आणि पडली. शिक्षिका म्हणाल्या, "सर, एक हाथ हमेशा रहेगा. टॉवेल लेना है तो दूसरे हाथ से. दोनों उठाए, तो वो समझती है आप चले गए." त्या दिवसापासून मी तसंच करतो. इथले कुत्रे कन्नडमधलं 'बा' ऐकून जवळ येतात. मी घाईत 'ये' म्हणतो, आणि तरीही येतात. नंदाचे दोन पुडे मी त्या लॅब्राडॉरला दिले. एकेक करून, बरेच दिवस.

तुमच्यापैकी जे अंबरनाथलाच राहिलात, आणि जे माझ्यासारखे दूर गेलात, त्यांना हे ओळखीचं वाटेल: गाव सुटलं की गावात आपली एक गोष्ट उरते आणि ती आपल्यामागे सांगितली जाते. माझी गोष्ट नंदा सांगत होती. दादाला कुत्र्यांचं वेड लहानपणापासूनचं, त्यानं आमच्या बटाट्याला चालतं केलं. शेतकरी त्या गोष्टीतून कधीच गळून गेला. तिच्या मुलांना ती पाठ आहे. मला पूर्वी वाटे की आपलं कौतुक जिथं होतं ते आपलं घर. आता वाटतं, त्या कौतुकाखालचं खोटं फक्त आपल्याला ठाऊक असेल, तर तिथं आपण पाहुणेच असतो.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिचा कुत्रा चिकू अकरा वर्षांचा झाला आहे, मागचे पाय लटपटतात. मी उल्हासनगरला गेलो. तिच्या गच्चीवर मोठा प्लास्टिकचा टब मांडला, कोमट पाणी भरलं, चिकूच्या पोटाखालून टॉवेलची झोळी घेतली. शेजारच्या सिंधी भाभी कौतुकानं बघत उभ्या होत्या. नंदा त्यांना म्हणाली, "भाभी, ये आज का नहीं है. हमारे बटाट्या को भी दादा ने ही चलाया था. बदलापूर में, हौद में तैरा तैरा के!"

भाभी म्हणाल्या, "तो साईं, मेरे घुटने भी डाल दो टब में!" आणि हसत जिना उतरल्या.

चिकूचा उजवा पाय पाण्यात हलला. नंदानं टाळी वाजवली. "बघ दादा, अगदी तसंच."

"नंदा," मी म्हणालो, "बटाट्या बदलापूरला कधी गेलाच नाही."

मग सगळं सांगितलं. टपरी, पोतं, ओढा, दुसरा दिवस. ती टबाच्या कडेला बसून ऐकत होती. मग तिनं एवढंच विचारलं, "आणि बिस्किटं?"

"मी खायचो. स्टेशनवर बसून. थोडी तिथल्या कुत्र्यांना घालायचो."

"क्रीमची पण?"

"क्रीमची पण."

माझे दोन्ही हात झोळीवरून सुटले. चिकू पाण्यात डगमगला आणि कुईं कुईं करू लागला.

"हात काढू नकोस," नंदा म्हणाली. माझ्याकडे न पाहता. "तूच म्हणालास ना मघाशी, एक हात राहिला पाहिजे म्हणून. घाबरतो तो."

मी हात पुन्हा चिकूच्या पाठीवर ठेवला. विहारात तिच्या शेजारी बसून नुसते ओठ हलवणारा मी, या वेळी तिला नीट ऐकू जाईल इतक्या आवाजात बोललो.

"नंदा, मी त्याला टाकून आलो आणि वर्षभर तुला फसवलं. चुकलो मी. मला माफ कर."