दिंडोरीच्या खड्ड्यातलं पाणी

संदीपने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कारखान्यातली नोकरी सोडून पॅशन फ्रूटची बाग लावायचं जाहीर केलं, त्या दिवसापासून मी घरखर्चाचे हिशेब पुन्हा पुन्हा मांडत होते. दिंडोरीजवळची माझ्या मामांची पडीक जमीन कसायला मिळणार होती. माती योग्य निघाली तर सोमवारी राजीनामा, असं ठरलं आणि रविवारी सकाळी आम्ही नाशिकहून स्कूटरवर निघालो.

रस्ता चांगला आहे. वाटेत मिसळ खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. मी मात्र अर्धी प्लेट तशीच ठेवली. गावाबाहेर कच्ची वाट लागते. द्राक्षबागांत फवारणी चालू होती, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच.

मामा कुदळ घेऊन तयार होते. पॅशन फ्रूटचा वेल असतो; त्याच्या मुळाशी पाणी साचलं तर मुळं कुजतात. म्हणून हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरायचा. पहिलं पाणी कोरडी माती कशीही पिते, ते हिशेबात धरायचं नाही. दुसरं लवकर उतरलं तर जमीन निचऱ्याची, म्हणजे पाणी साचू न देणारी. तपासणीची माती स्वच्छ कापडी पिशवीत घ्या, खताच्या गोणीत नको.

दुसरं पाणी ओतून दोघे विहिरीकडे गेले. मी काठावर एकटी. मुलीची बारावी, सासूबाईंची औषधं, सगळं त्या एका पगारावर. ‘उतरू नको, उतरू नको,’ मी चक्क पुटपुटत होते. पाणी खाली चाललंच होतं. शेजारी भरलेली कळशी होती. थोडं पाणी ओतावं म्हणून हात तिच्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. शेवटी तळाची लालसर माती दिसली.

परत आल्यावर मामांनी वाकून पाहिलं. “लय भारी जमीन हाय, जावईबापू! थेंब नाय राहिला.”

संदीप खड्ड्यात बघतच राहिला. “मामा, अजून एकदा भरून बघू या का?”

“आता कशाला? जमीन तर पास झाली!”

“तरी पण. एकदाच.”

कळशी त्याने स्वतःच उचलली आणि खड्डा काठोकाठ भरला. जमिनीनेच नाही म्हणावं, असं त्यालाही वाटत होतं तर! तिसरं पाणीही उतरलं.

घरी आल्यावर मी विचारलं, “भीती वाटतेय?”

“खूप,” तो म्हणाला. “तुला?”

“मलाही.” इतक्या दिवसांत हे आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो.

सोमवारी त्याने राजीनामा दिला नाही; मातीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू म्हणाला. पिशवी प्रयोगशाळेत मीच नेऊन दिली. “काय लावणार?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“पॅशन फ्रूट,” मी म्हणाले. घाबरत, पण म्हणाले.