दसऱ्याची हळद

"मॅडम, आता आणखी काय टाकू ते तरी सांगा!" वैशाली रडकुंडीला आली होती. कळमेश्वरजवळच्या तिच्या शेडमध्ये, मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावर वाढणारा लेट्यूस पिवळा पडत चालला होता. अशा शेतीची मी सल्लागार. तोंडाची फटकळ.

"काही टाकू नकोस. आधी पाहू दे."

मागे तिचे बाबा हाताची घडी घालून उभे. संत्र्याच्या बागेतला हा तुकडा त्यांनी नाखुशीनेच पोरीला दिलेला. "हे पीक गेलं का शेड काढतो मी. पुन्हा संत्राच लावतो. बिनमातीची काय शेती असते वं?"

जुनी पानं पिवळी पडली तर नत्र कमी. इथे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी.

"लोह तर मी टाकूनच राहिली."

"मग पीएच बघ."

पीएच म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचा आकडा. आकडा चढला की आंबटपणा उतरतो आणि लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही. ताट वाढलेलं, पण तोंड बांधलेलं.

"सहाच आहे. रोज पाहते." तिने पेनासारखा मीटर बुडवून दाखवला. खरंच सहा. माझ्या मीटरवर मात्र पावणेआठ!

बाबांच्या पिशवीतलं एक संत्रं मी वाटीत पिळलं. आंबट रसात आकडा चारच्या खाली यायला हवा, पण वैशालीचा मीटर त्यातही सहाच दाखवत होता. बोअरचं पाणी जड, पीएच चढवणारं. मीटर सहा म्हणतो म्हणून पोरीने ॲसिड टाकणंच बंद केलेलं. मी मीटरचं टोक उजेडात धरलं. काचेवर पिवळा-लाल थर चिकटलेला.

"मले वाटलं खताचा डाग आहे," वैशाली म्हणाली.

"खत कसलं? हळद आहे ही! कोणी लावली?" माझा आवाज चढला.

बाबांच्या हाताची घडी सुटली.

"मीच लावली, दसऱ्याले. कुदळ, विळा, फवारणीचा पंप, साऱ्याची पूजा केली. हेही पोरीचं अवजारच आहे ना. मंग टोकाले हळद-कुंकू लावलं."

"बाबा, तुम्ही तर याले शेतीच मानत नव्हते," वैशाली कशीबशी म्हणाली.

त्यांनी त्या पिवळ्या रांगांकडे पाहिलं. "मीच मारलं का वं तुयं पीक?"

चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. पण माझेच डोळे भरून आले.

नवा मीटर आणला, थोडं थोडं ॲसिड टाकून पीएच खाली आणला. अर्धं पीक उपटून फेकावं लागलं. उरलेल्याला हिरवी पानं फुटली. शेड काढायचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही, आणि पुढच्या दसऱ्यालाही कुदळीशेजारी मीटर मांडला.

तेव्हापासून नवा मीटर हातात देताना मी सगळ्यांना बजावते: पूजा जरूर करा, पण टोपण लावून.