तारमुजीचा नारळी कोळसा

जावा बेटावरच्या पेकालोंगानला कालव्याकडे उतरणाऱ्या गल्लीत तारमुजीचा बाटिक रंगवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर, चार हौद आणि एक मोठी चूल. बायका घरी बसून कापडावर मेणाची नक्षी काढायच्या. ते कापड रंगात बुचकळायचं आणि मग उकळत्या पाण्यात मेण सोडवायचं, हे काम त्याचं. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे त्याचे हात कोपरापर्यंत निळेजांभळे झाले होते. लग्नात ते बघून सासू म्हणाली होती, "अगं बाई, नवरीआधी नवऱ्यालाच मेंदी!"

उरलेलं रंगीत पाणी गटारात जायचं. सगळेच सोडत, तोही सोडायचा.

गल्लीच्या तळाशी त्याची थोरली बहीण झुहरिया राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. सोयाबीन भिजवून, आंबवून ती तेंपे करायची. त्याच्या वड्या बाजारात हातोहात खपत. एका सकाळी ती केळीच्या पानावर तेंपे घेऊन थेट त्याच्या दारात आली. तेंपे चक्क जांभळं होतं.

"घे, खा," ती म्हणाली. "तुझाच रंग आहे, माझ्या विहिरीतून आलाय."

"ताई, गटार काय माझ्या एकट्याचं आहे?"

"बाकीच्यांना मी न्हाऊमाखू घातलं नाही. तुला घातलं."

ती पान तिथेच ठेवून निघून गेली. तारमुजीला दुपारी जेवण गेलं नाही.

त्याची बायको मुस्लिखा हिची भाची लैला कॉलेजात रसायन शिकवायची. तिने सांगितलं, नारळाच्या करवंट्यांचा कोळसा नीट केला, तर त्याला बारीक बारीक भोकं पडतात आणि पाण्यातला रंग त्यांत अडकून बसतो. तारमुजीने खोबरं किसणाऱ्यांकडून पोतीच्या पोती करवंट्या आणल्या. बंद पिंपात त्या भाजल्या, कुटल्या, लैलाने सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा तापवल्या आणि धुतल्या. मग एका पिंपात खडी, वाळू आणि वर कोळसा असे थर रचून त्यावर जांभळं पाणी ओतलं.

खाली आलं ते शाईसारखं काळं.

"वा!" शेजारचा रंगारी ओरडला. "आता ताईला काळं तेंपे मिळणार!"

कोळशाची भुकटी पुरती धुतलीच गेली नव्हती. दुसऱ्या खेपेला चांगली धुतली, तर थोडं पाणी गेलं आणि पिंप तुंबलं. लैलाने कोळसा उकरून बोटांनी चोळला. तिची बोटं चिकट झाली.

"काका, मेण! माझ्या लक्षातच आलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही नुसतं रंगाचं पाणी घेतो."

"मेण तर मी वरचेवर काढतो," तारमुजी म्हणाला.

मुस्लिखा चुलीवरचा कोंबडीचा रस्सा ढवळत होती. "गरम रस्स्यावरचा तवंग कधी सगळा निघतो का? गार झाल्यावर थिजतो, मग काढायचा."

मग पाणी हौदात पुरतं गार होऊ दिलं, थिजलेलं मेण काढलं आणि नारळाच्या काथ्यातून गाळून मग ते पिंपात सोडलं. या वेळी पिंपाच्या तळच्या नळीतून आलेलं पाणी कोऱ्या, पातळ चहासारखं होतं. तारमुजीने ते काचेच्या पेल्यात धरलं आणि तस्साच गल्ली उतरून बहिणीकडे गेला.

झुहरियाने पेला उजेडात धरला. "पिऊ नको हं मूर्खासारखं."

"नाही गं."

"अजून पिवळं आहे."

"हो."

"पण पलीकडचं दिसतंय," ती म्हणाली आणि तिने त्याला बसायला पाट दिला.

विहीर काही लगेच निवळली नाही. त्या जांभळ्या तेंपेपासून झुहरिया नळाचं पाणी घेऊ लागली, ती अजूनही तेच वापरते. पण हळूहळू गल्लीतल्या बाकी रंगाऱ्यांनीही पिंपं बसवली, आणि त्यांना कोळसा तारमुजीच पुरवू लागला. काही दिवसांनी कोळसा रंग धरेनासा होतो. मग तो काढून पुन्हा भाजावा लागतो आणि अगदीच निकामी झाला की पोत्यात बांधून ठेवावा लागतो. त्याचं पुढे काय करायचं, यावर तारमुजीचं आणि लैलाचं अजून भांडण चालू आहे.

आता तारमुजी निम्मा दिवस रंगात आणि निम्मा दिवस कोळशात असतो. परवा झुहरिया येऊन त्याच्याकडे बघतच राहिली.

"आधी निळा होतास, आता काळा झालास. आईने गोरा दिला होता रे माझ्या हातात!"

"मग धू की," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.